कबुली दिली, पण कोर्टात चालेल का?

खाडीकिनारी मृतदेह सापडल्याची बातमी ठाण्याच्या पानावर येते आणि दोन दिवसांनी दुसरी: 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्हा कबूल केला.' वाचणाऱ्याच्या लेखी खटला तिथेच संपतो. सत्र न्यायालयात त्या कबुलीची किंमत जवळपास शून्य असते. उलट तो खाक्या सिद्ध झाला, तर फायदा आरोपीचाच.

पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तोच कलम २३ म्हणून आला. कोठडीत असताना डॉक्टरला किंवा नातेवाइकाला सांगितलेलंही चालत नाही, दंडाधिकारी समोर हजर नसतील तर.

पण निर्दोष माणूस खून कशाला कबूल करेल? मारहाणीचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. मारहाण न करताही हे घडतं, ते मानसशास्त्राने दाखवलं. अमेरिकेत सॉल कॅसिन आणि सहकारी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संगणकाची एक कळ दाबू नका असं बजावलं होतं. थोड्या वेळाने संगणक बंद पडला आणि ठपका त्यांच्यावर आला. कोणीही ती कळ दाबलेली नव्हती, तरी ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली. काम घाईचं आणि 'मी पाहिलं' म्हणणारा खोटा साक्षीदार शेजारी, अशा गटात तर झाडून सगळ्यांनी! काहींना आपणच चूक केली असं मनापासून वाटू लागलं. हे सगळं दिवसाढवळ्या, प्रयोगशाळेत. कोठडीत जागून काढलेल्या रात्रीनंतर काय होत असेल?

म्हणून कबुली घ्यायची ती दंडाधिकाऱ्यांनी. 'कबुली देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, दिलीत तर तुमच्याविरुद्ध वापरली जाईल,' हे त्यांनी आधी सांगायचं. विचाराला किमान २४ तास द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सुचवलं. आणि आरोपीने ऐनवेळी नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी तरतूद हीच. मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला की मात्र चित्र पालटतं: तिथे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुलीही चालते. अधिकाऱ्याचा हुद्दा वाढल्याने आरोपीची भीती कशी कमी होते, हे मला अजून उमगलेलं नाही.

पोलिसांसाठी एक दार उघडं आहे. समजा, आरोपी म्हणाला, "मी ज्या कोयत्याने त्याला मारलं, तो कळव्याच्या पुलाखाली खारफुटीत लपवलाय." पंचांसमक्ष निवेदन लिहिलं जातं, सगळे चिखल तुडवत जातात, कोयता निघतो. आता कोर्टापुढे वाक्याचा दुसरा अर्धा भाग येतो, 'मी मारलं' गाळलं जातं. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे स्पष्ट केलं: सिद्ध होतं ते एवढंच की, वस्तू तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं. खुनाशी तिचा संबंध वेगळा जोडावा लागतो; पात्यावरचं रक्त मृताचं आहे का, हे कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून यावं लागतं. बचावाचे वकील मग पंचांना विचारतात, की पुलाखाली कोणीही जाऊ शकतं ना? आणि ती जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती असं उलटतपासणीत निघालं, तर तो शोध धरलाच जात नाही.