शिलेदाराला कुठला रंग द्यायचा?

दिवाळी तोंडावर आली की कसब्यातल्या कुंभारवाड्याच्या आसपास मावळे रांगेनं उभे राहतात. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफ, तोफेपेक्षा उंच गवळण आणि सगळ्यांपेक्षा मोठा वाघ. किल्ल्यावरची ही चित्रं मांडायची असतात, हलवायची नसतात. टेबलावरची लढाई खेळण्यासाठी २८ मिलिमीटरचे शिपाई रंगवणाऱ्या पुणेकराच्या हाताला बहुधा पहिली सवय याच चित्रांची असते. पण त्याचा छंद वेगळ्या घराण्यातला आहे, आणि ते घराणं गणवेशाच्या जोरावर वाढलं.

सुरुवात खेळण्यांपासून झाली नाही. १८१२ मध्ये रायस्वित्स नावाच्या प्रशियन बॅरननं उंचसखल जमीन दाखवणारं एक युद्धटेबल राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमपुढं मांडलं. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्यानं १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर आणला आणि नियम छापले. त्यात शिपाई नव्हतेच, होते लाल आणि निळे ठोकळे. कुठली तुकडी कुणाची, हे लांबून कळलं पाहिजे, एवढंच रंगाचं काम.

शिपाई आले न्यूरेंबर्गहून. तिथले कारागीर पाटीच्या दगडात साचे कोरून कथलाचे चपटे सैनिक ओतत. हाइनरिखसनच्या कारखान्यानं त्यांची सुमारे ३० मिलिमीटर उंची रूढ केली. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कंपनीनं आतून पोकळ, ५४ मिलिमीटरचे शिशाचे शिपाई काढले. शिसं कमी लागल्यानं ते स्वस्त पडले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये नियमांचं पुस्तक लिहिलं ते याच शिपायांसाठी. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं लाकडी गोळा उडवायचा, पडेल तो मेला. अशा खेळात कोण बारकाईनं रंगवणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर तोफेच्या जागी फासे आले आणि रंगकामाचे दिवस पालटले. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या युद्धखेळांवरच्या १९६२ च्या पुस्तकानं इंग्लंडात कितीतरी घरांतली जेवणाची टेबलं रणांगणं झाली. एअरफिक्स या ब्रिटिश खेळणी कंपनीनं १९५९ पासून प्लॅस्टिकचे चिमुकले सैनिक खोक्यांतून विकायला सुरुवात केली होती, त्यामुळे शाळकरी मुलालाही फौज परवडू लागली. ते प्लॅस्टिक इतकं मऊ की भाला जरा वाकला तरी रंगाचा पापुद्रा निघायचा. धातूचे २५ मिलिमीटरचे शिपाई म्हणूनच टिकून राहिले. पुढं ते फुगत फुगत २८ झाले. शिशाच्या विषारीपणाची काळजी वाढल्यावर बिनशिशाचा मिश्रधातू आला, मग कडक प्लॅस्टिक, आणि आता रेझिनची थ्रीडी छपाई.

रंगवण्याची रीतही खेळातूनच आली. नखाएवढ्या अंगरख्यावर खरी सावली पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. आधी गडद अस्तर, मग मूळ रंग, चुण्यांमध्ये मुरणारा पातळ काळपट हात, आणि शेवटी कडांवर कोरड्या ब्रशनं उजळपणा. हातात धरून पाहिलं तर हे भडक वाटतं, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं बरोबर दिसतं. (ऐन पावसाळ्यात पुण्यात स्प्रेचं वार्निश मारू नये. दमट हवेत ते पांढुरकं होतं आणि अख्खी पलटण धुक्यात गेल्यासारखी दिसते.)

या सगळ्याच्या मुळाशी युरोपी गणवेश आहे. प्रशियन निळा, इंग्रज लाल, ऑस्ट्रियन पांढरा. कॉलर आणि कफाच्या रंगावरून पलटण ओळखायची. छापील तक्ता समोर ठेवला की रंगवणाऱ्याला विचार करावा लागत नाही. आपल्याकडं अडतं ते इथंच. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराचा घोडा सरकारी, पण म्हणून सगळ्यांच्या अंगावर एकाच ठाणातलं कापड नसे. पन्नास मावळ्यांना एकाच डबीतला भगवा फासला की फौज न दिसता मिरवणूक दिसते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पांढऱ्याच्याच तीन-चार छटा घ्याव्यात: कोरा, धुवट, मळका, धुळीचा. त्यात मंजिष्ठाचा लाल आणि निळीचा निळा इकडंतिकडं, आणि लागोपाठच्या दोन स्वारांना एकच पागोटं नको.

पुरावे शोधायला पुणं सोयीचं आहे. हत्यारांसाठी केळकर संग्रहालय, कागदपत्रांसाठी १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं पेशवाईतल्या बड्या माणसांची चित्रं पुण्यात बसून काढली. मात्र ती दरबारी पोशाखातली आहेत. मुक्कामावरचा स्वार अंगावर काय घालत होता, ते त्यांवरून ठरवू नये.

परदेशी खेळाडूंना मराठ्यांची लढाई म्हटलं की आधी आठवते २३ सप्टेंबर १८०३ ची असई. त्याचं कारण सरळ आहे. द ब्वान्य या युरोपी सेनानीनं महादजी शिंद्यांसाठी उभारायला घेतलेल्या कवायती कंपूंची, म्हणजे युरोपी पद्धतीनं शिकवलेल्या पायदळाची, परंपरा तिथं इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर रांगेत उभी होती, आणि रांग रंगवायला त्यांचे हात तयार आहेत.

पुणेकरानं खडकीची लढाई घ्यावी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या फौजेत दोन्ही तऱ्हा होत्या: डी पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची कवायती पलटण आणि मोकळं घोडदळ. घोडदळाचा हल्ला इंग्रजांच्या रांगेपुढच्या दलदलीत फसला, म्हणून टेबलावर ती दलदल नीट जमली पाहिजे. सपाट मैदानावर ही लढाई खेळण्यात अर्थ नाही. एक घोडेस्वार म्हणजे वीस माणसं धरली तरी हजार घोड्यांना पन्नास स्वार लागतात, आणि पेशव्यांकडं कित्येक हजार घोडे होते. २८ मिलिमीटरमध्ये हे खिशाला आणि डोळ्यांना झेपत नाही. १५ किंवा ६ मिलिमीटरचे स्वार घ्यावेत. त्या मापात चेहरे रंगवत बसायचं कारण नाही, पागोट्यांचे रंग तेवढे मिसळावेत आणि वाचलेला वेळ मोरोपंत दीक्षितांच्या जरीपटक्यावर घालवावा.