आतड्याचा नळ आणि झाडाचा लाल चीक

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, पेरू-एक्वादोरच्या बाजूला, क्रोटन लेकलेरी नावाचं एक भराभर वाढणारं झाड आहे. खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक ओघळतो. तो कातडीवर बोटाने चोळला की लाली ओसरते आणि मलमासारखा फिकट थर जमतो. तिथले लोक तो जखमांना लावतात आणि जुलाब होत असतील तर पोटातही घेतात. याच चिकातून क्रोफेलेमर हे औषध निघालं.

ते कोणासाठी, हे समजायला आधी आतडं पाहू. खाल्लेलं-प्यायलेलं आणि शरीरातलेच पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यातून जातो. शौचावाटे त्यातला जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो, बाकी सगळा परत शोषला जातो. आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या असतात. क्लोराइड निघालं की मागोमाग सोडियम जातं आणि त्यांच्या ओढीने पाणी. या वाहिन्या सताड उघड्या राहिल्या की माणूस काहीही न खाता पाण्यासारखे जुलाब करतो.

एचआयव्ही असलेल्यांना हा त्रास महिनोन् महिने छळतो. विषाणू आतड्याच्या अस्तराला इजा करतो. शिवाय विषाणूला आवरणाऱ्या काही गोळ्याही क्लोराइडचा नळ सैल करतात. मग जुलाबांना कंटाळून रुग्ण मूळ गोळ्याच टाळू लागतो, आणि खरा धोका तिथे आहे.

जुलाबावरचा जुना वनस्पतिज उतारा म्हणजे अफू. ती आतड्याची हालचालच मंदावते: गळणाऱ्या नळाखालचा पाइप चिमटीत धरावा तसं. क्रोफेलेमर नळाकडे जातं. ते क्लोराइडच्या दोन प्रकारच्या वाहिन्या आतड्याच्या पोकळीच्या बाजूने अडवतं. रक्तात जवळजवळ उतरतच नाही, त्यामुळे इतर गोळ्यांशी त्याची फारशी भांडणं होत नाहीत. दिवसाला मूठभर गोळ्या घेणाऱ्याला हे किती मोलाचं, ते सांगायला नको.

आता निकाल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२च्या अखेरीस ज्या चाचणीच्या जोरावर मान्यता दिली, तिची कसोटी कडक होती: चारपैकी किमान दोन आठवडे, आठवड्याला दोनच किंवा त्याहून कमी पातळ शौच. १२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्के त्यात उतरले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. फरक खरा आहे, पण चमत्कार म्हणावा असा नाही.

शिवाय ही गोळी जंतू मारत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीनेही जुलाब लागतात. म्हणून आधी शौचाची तपासणी, संसर्ग नाही याची खात्री, आणि मगच क्रोफेलेमर.

मग थेट चीकच का पिऊ नये? क्रोफेलेमर हा एकच रेणू नाही. टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांच्या जातीतल्या, लहान-मोठ्या लांबीच्या साखळ्यांचं ते मिश्रण आहे. झाडागणिक त्याचं प्रमाण बदलू शकतं, त्यामुळे कारखान्यात प्रत्येक खेप तपासावी लागते. जठराच्या आम्लात ते टिकत नाही, म्हणून गोळीला आतड्यात पोचल्यावरच विरघळणारं आवरण असतं. बाटलीतल्या चिकाला ना मोजमाप, ना आवरण.