‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि व्हिडिओ गेमवरचा वयाचा शिक्का

आज गेमच्या डब्यावर किंवा डाउनलोडच्या पानावर वयोगट लिहिलेला असतो. अमेरिकेत ही पद्धत ज्या वादातून आली, त्याच्या केंद्रस्थानी शिकागोच्या मिडवे कंपनीचा १९९२ सालचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ होता.

त्याच्या आदल्या वर्षी कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने आर्केड, म्हणजे नाणी टाकून गेम खेळायची ठिकाणं, भरून टाकली होती. मिडवेला तसाच मारामारीचा गेम हवा होता. प्रोग्रामर एड बून, चित्रकार जॉन टोबायस आणि जॉन व्होगेल, ध्वनी सांभाळणारा डॅन फॉर्डन, एवढ्याच चौघांनी तो सुमारे दहा महिन्यांत उभा केला. पात्रं हातानं रंगवण्याऐवजी त्यांनी मार्शल आर्ट्स जाणणाऱ्या माणसांच्या हालचाली व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपल्या आणि त्या चौकटी गेममध्ये घातल्या. डॅनियल पेसिना या एकट्यानं जॉनी केज, स्कॉर्पियन आणि सब-झीरो साकारले. यातल्या शेवटच्या दोन्ही निन्जांचा पोशाख एकच, फक्त रंग बदललेला. गाजलेल्या ‘फेटॅलिटी’चा, म्हणजे हरलेल्याला क्रूरपणे संपवणाऱ्या शेवटच्या घावाचा, उगमही असाच साधा आहे. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये मार खाऊन भोवळ आलेला खेळाडू काही क्षण काहीच करू शकत नाही. बूनला लढतीच्या मध्यात हे सोसणं आवडत नसे. म्हणून ती भोवळ लढत संपल्यावर आणली गेली आणि जिंकणाऱ्याला शेवटचा घाव घालण्याची मुभा मिळाली. म्हणजे सगळ्यांत क्रूर दृश्य निकाल लागल्यानंतरचं. खेळाच्या दृष्टीनं त्याची गरज नव्हती. ते निव्वळ प्रदर्शन होतं, आणि माझ्या मते लोक बिथरले ते यामुळेच. शिवाय काळीज उपटून काढताना दिसणारा देह कार्टूनचा नव्हता, छायाचित्रातल्या माणसाचा होता.

आर्केडमध्ये हे चालून गेलं. १३ सप्टेंबर १९९३ रोजी अक्लेम कंपनीनं गेम घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, आणला, तेव्हा ठिणगी पडली. ही यंत्रं बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांपैकी निन्टेंडोनं रक्ताऐवजी राखाडी घाम दाखवला आणि फेटॅलिटी सौम्य केल्या. सेगानं डब्यावर स्वतःचा ‘१३ वर्षांवरील’ असा शिक्का मारला आणि रक्त बटणांच्या एका गुप्त संकेतामागे ठेवलं: ए, बी, ए, सी, ए, बी, बी. हा संकेत मुलांमध्ये वाऱ्यासारखा पसरला आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली.

सिनेटर जो लीबरमन यांच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या मुलानं हाच गेम मागितला होता. तो पाहून लीबरमन हादरले. ९ डिसेंबर १९९३ला त्यांनी आणि सिनेटर हर्ब कोल यांनी सिनेटमध्ये सुनावणी घेतली. तिथे निन्टेंडोचे हॉवर्ड लिंकन आणि सेगाचे बिल व्हाइट एकमेकांवरच तुटून पडले. मुलांच्या काळजीपेक्षा बाजारातली चुरस तिथे जास्त बोलत होती, हे मला आजही खटकतं. पण उद्योगानं स्वतः नियम केले नाहीत तर सरकार करेल, हा इशारा खरा होता. त्यातून १९९४मध्ये ईएसआरबी हे मानांकन मंडळ उभं राहिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा भाग घरोघरी आला. या वेळी निन्टेंडोनं रक्ताला कात्री लावली नाही, डब्यावर इशारा छापला. पुढे २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं, की ‘मॉर्टल कॉम्बॅट’ खेळण्यापेक्षा इटालियन महाकवी दांते वाचणं नक्कीच अधिक सुसंस्कृत आहे. तरीही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण त्यांनी दोन्हींना सारखंच दिलं.