चेंडूतला 'जोर' : बल आणि संवेग वेगळे कसे झाले

एक नाणं सरळ वर उडवलं. हातातून ते सुटलंय, अजून वर चाललंय. हवेचा विरोध सोडून देऊ. या क्षणी नाण्यावर कोणकोणती बलं काम करताहेत?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी बहुतेक वह्यांमध्ये दोन बाण काढलेले असतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, आणि तो बहुधा जास्त लांब. दुसरा बाण कशाचा म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, हाताने दिलेल्या जोराचा." खरं तर हात सुटल्यापासून नाणं पुन्हा हातात येईपर्यंत एकच बाण आहे, खालचा. नाणं वर जात असताना तोच, अगदी वरच्या टोकाला क्षणभर थबकल्यावर तोच, खाली येतानाही तोच.

पण हा दुसरा बाण आळसातून किंवा धांदरटपणातून आलेला नसतो. जगातल्या फार हुशार माणसांनी तो काढलाय, आणि तो पुसायला जवळजवळ दोन हजार वर्षं गेली. मराठीत तर 'जोर' हा शब्दच असा गोंधळ होऊ देणारा आहे. दाराला जोर लावला. चेंडूला काय जोर होता! उतारावर गाडीने जोर धरला. आता अंगात जोर उरला नाही. पहिल्या जोराला भौतिकशास्त्र बल म्हणतं, चेंडूच्या आणि गाडीच्या जोराला संवेग, शेवटच्याला ऊर्जा. शाळेच्या पुस्तकात या तिन्हींच्या व्याख्या थोड्याथोड्या पानांच्या अंतराने येतात आणि वाटतं, हे किती सरळ आहे. ही फोड कशी झाली ते सांगितलं, तर व्याख्या पाठ करायची वेळ कमी येते असा माझा अनुभव आहे.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून (इ.स.पू. ३८४–३२२) करावी लागते. तो रोजच्या अनुभवाशी प्रामाणिक होता. बैल थांबले की गाडी थांबते, म्हणजे गती चालू ठेवायला कुणीतरी सतत ढकलत किंवा ओढत राहायला हवं. मग फेकलेल्या भाल्याला हात सुटल्यावर कोण ढकलतं? हवा, असं त्याचं उत्तर होतं. फेकणाऱ्याने भाल्याबरोबर हवेलाही हलवलेलं असतं आणि ती हवा भाल्याला पुढे नेत राहते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनस याने यावर नेमकं बोट ठेवलं. हवाच नेते, तर दगडाला हात तरी कशाला लावायचा? मागची हवा हलवून बघा, दगड हातभरसुद्धा सरकणार नाही. त्याच्या मते फेकणारा एक शक्ती थेट वस्तूतच घालतो आणि ती वस्तूसोबत जाते. पुढे इब्न सिना (९८०–१०३७) याने म्हटलं की, अशी घातलेली प्रवृत्ती विरोध नसेल तर संपायचं कारण नाही.

हाच विचार आपल्याकडे वैशेषिक दर्शनात आहे, आणि तोही बाणाच्या उदाहरणाने. कणादाच्या सूत्रांत म्हटलंय की, बाणाची पहिली हालचाल नोदनाने, म्हणजे ढकलण्याने होते. त्या हालचालीतून संस्कार तयार होतो, संस्कारामुळे पुढची हालचाल, मग त्यापुढची. संस्कार संपला की गुरुत्वामुळे पतन. या संस्काराचे पुढे तीन प्रकार सांगितले गेले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. शाळेतल्या मराठी विज्ञानाचे वेग, गुरुत्व, स्थितिस्थापकता हे शब्द या परंपरेतले आहेत. मात्र वैशेषिकांचा वेग म्हणजे आपण मीटर प्रति सेकंदात मोजतो तो नव्हे. तो वस्तूत साठलेला आणि तिला पुढे नेणारा गुण आहे. कणादाने न्यूटनचे नियम आधीच सांगून ठेवले होते, असं अलीकडे वरचेवर वाचायला मिळतं. मला ते पटत नाही, आणि त्यात कणादाचा मानही राहत नाही. बाण हवेमुळे पुढे जात नाही, स्वतःसोबत काहीतरी घेऊन जातो, हे त्याने ओळखलं. ही मोठी गोष्ट आहे. संस्काराचं मोजमाप मात्र त्यात नाही, आणि न्यूटनचं सगळं काम मोजमापाचं आहे.

मोजमापाच्या जवळ पहिल्यांदा गेला तो चौदाव्या शतकातला पॅरिसचा ज्याँ ब्युरिदाँ. त्याची उदाहरणं आजही वर्गात चालतात. भोवरा जागच्या जागी फिरतो. तो पुढे सरकतच नाही, तर मागे रिकामी झालेली जागा कुठली आणि तिथे शिरून त्याला ढकलणारी हवा कुठली? नदीतून वेगाने ओढत नेलेली नाव ओढणं थांबवल्यावरही चालत राहते. तिच्यावर उभ्या असलेल्या नावाड्याला वारा समोरून लागतो, पाठीमागून नाही. ब्युरिदाँने वस्तूतल्या त्या 'जोरा'ला इंपेटस म्हटलं आणि सांगितलं की, वस्तूत द्रव्य जितकं जास्त आणि वेग जितका जास्त, तितका इंपेटस जास्त. द्रव्य आणि वेग! संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि या व्याख्येतल्या दोन्ही गोष्टी इथे हजर आहेत. फरक एकच आणि तो फार खोल आहे. ब्युरिदाँसाठी इंपेटस हे गतीचं कारण होतं. आपल्यासाठी संवेग हे गतीचं माप आहे. वहीतला तो वरचा बाण नेमका ब्युरिदाँच्या बाजूला उभा आहे.

कारण शोधायचीच गरज नाही, असं म्हणायची हिंमत गॅलिलिओची. उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळपास तितक्याच उंचीपर्यंत चढते. चढ कमी केला की जास्त लांब जाते. चढ काढूनच टाकला तर? थांबायला कारणच उरत नाही. गती बदलली तर कारण द्यावं लागतं, तशीच राहिली तर नाही. बंद जहाजाच्या खोलीत बसलेल्या माणसाला उडती फुलपाखरं किंवा थेंबथेंब ठिबकणारं पाणी पाहून जहाज उभं आहे की संथ सरळ चाललंय ते सांगता येणार नाही, हेही त्याचंच. हे जहाज पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता खरा पेच. गती आपोआप टिकते, तर दोन वस्तू आदळल्यावर ती कुठे जाते? फ्रान्सच्या देकार्तने १६४४ मध्ये उत्तर मांडलं: विश्वातली एकूण 'गतीची राशी' कायम राहते, आणि ही राशी म्हणजे वस्तूचा आकार गुणिले चाल. कल्पना भव्य आहे आणि अर्धी बरोबर आहे. पण देकार्तने दिशा हिशेबात घेतली नाही. त्यामुळे टकरीसाठी त्याने दिलेले सात नियम फसले. चौथा तर असा: स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर लहान वस्तू कितीही वेगाने आदळली, तरी मोठी हलणार नाही, लहान नुसती परत फिरेल.

हे कॅरमवर तपासता येतं. सोंगटी साधारण ५ ग्रॅमची, स्ट्रायकर १५ ग्रॅमचा. बोरिक पावडर टाकून बोर्ड गुळगुळीत करा, स्ट्रायकर मध्ये स्थिर ठेवा आणि सोंगटीला टिचकी मारून तो सरळ मधोमध टिपा. देकार्त म्हणतो, स्ट्रायकर ढिम्म राहील. तो तसा राहत नाही, सरळ पुढे सरकतो, आणि सोंगटी मागे येते. घर्षण नाही आणि टक्कर पूर्ण लवचीक आहे, म्हणजे तिच्यात ऊर्जा वाया जात नाही, असं धरून आकडे मांडू. सोंगटीचा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर टकरीनंतर ती १ मीटरने मागे येते आणि स्ट्रायकर १ मीटरने पुढे जातो. आता देकार्तची बेरीज करा. आधी ५ गुणिले २, म्हणजे १०. नंतर ५ अधिक १५, म्हणजे २०. राशी दुप्पट झाली! पण मागे येणाऱ्या सोंगटीला उणे चिन्ह द्या: उणे ५ अधिक १५, बरोबर १०. जिथे देकार्त अडला ते हे एवढंसं उणे चिन्ह. सदिश राशी म्हणजे काय हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

चिन्हापर्यंत पोचला तो नेदरलँड्सचा ख्रिस्तियान हायगेन्स, आणि त्याने वापरलं ते गॅलिलिओचं जहाज. फक्त हायगेन्स कालव्यांच्या देशातला, म्हणून त्याचं जहाज म्हणजे काठाला लागून चाललेली नाव. नावेतला माणूस दोन हातांत दोऱ्यांनी टांगलेले दोन सारखे गोळे धरून उभा आहे. तो ते सारख्या वेगाने एकमेकांवर आदळवतो. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या, त्यामुळे गोळे तितक्याच वेगाने उलटे फिरतात. यावर वाद नाही. आता नाव त्याच वेगाने पुढे चालली आहे असं समजा आणि काठावर उभं राहून बघा. मागच्या दिशेला फेकलेला गोळा काठावरच्या माणसाला स्थिर दिसतो, दुसरा दुप्पट वेगाने येताना दिसतो. टकरीनंतर येणारा जागीच थांबतो आणि थांबलेला दुप्पट वेगाने निघतो. प्रयोग एकच, पाहणारे दोन, आणि एका सोप्या टकरीतून दुसऱ्या प्रकारच्या टकरीचा नियम हाताला लागला. गोट्या खेळताना आपण हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. हायगेन्सने हे १६५० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं, पण त्याचा तो ग्रंथ छापला गेला १७०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. दरम्यान लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये टकरीचे नियम मागवले. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि हायगेन्स यांनी आपापली उत्तरं पाठवली. एकाच दिशेतल्या संवेगांची बेरीज, विरुद्ध असतील तर वजाबाकी, हा हिशेब तिथे पक्का झाला.

म्हणून १६८७ मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला, तेव्हा त्याला संवेग नव्याने शोधायचा नव्हता. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याने 'गतीची राशी' द्रव्य आणि वेग यांवरून ठरवली आणि दुसरा नियम तिच्याच भाषेत लिहिला: गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो आणि त्या बलाच्या दिशेने होतो. या वाक्यात त्वरण नाही. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, हे आपण घोकतो ते सूत्र सर्वसाधारण तत्त्व म्हणून ऑयलरने १७५० मध्ये मांडलं. न्यूटनच्या वाक्यात 'जोर' शब्दाचे दोन तुकडे स्वच्छ वेगळे झालेत. संवेग वस्तूजवळ असतो. बल वस्तूजवळ नसतं, ते दुसऱ्या कुणाकडून येतं आणि संवेग बदलून जातं. हात सुटला की हाताचं बल संपलं. नाण्याजवळ उरतो तो संवेग.

तिसरा नियम, म्हणजे क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया, न्यूटनने केवळ तर्कावर सोडला नाही. दहा फुटी दोऱ्यांना गोळे टांगून त्याने लंबकांच्या टकरी घडवल्या आणि हवेच्या विरोधाची दुरुस्तीही केली. पोलादाचे गोळे जवळजवळ आले त्याच वेगाने एकमेकांपासून दूर गेले. घट्ट दाबलेल्या लोकरीचे गोळे मात्र ९ भाग वेगाने जवळ आले तर ५ भाग वेगाने दूर गेले. तरीही एकाने जेवढी गती गमावली तेवढीच दुसऱ्याने मिळवली. याच भागात न्यूटनने रेन, वॉलिस आणि हायगेन्स या तिघांचं नाव घेऊन ऋण मान्य केलंय.

तिसरा तुकडा अजून बाकी होता. १६८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लाइब्निट्सने देकार्तच्या मापाला धारेवर धरलं. १ भार वजन ४ हात उंच नेणं आणि ४ भार वजन १ हात उंच नेणं, कष्ट सारखेच. दोन्ही खाली सोडा. पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट होतो, चौपट नाही. वस्तुमान गुणिले वेग केलं तर एकीकडे २ आणि दुसरीकडे ४. वेगाचा वर्ग घेतला तर दोन्हीकडे ४. म्हणजे खरा 'जोर' वर्गाने मोजायला हवा! वाद युरोपभर पसरला. १७२२ मध्ये नेदरलँड्सच्या ख्रावेसांदेने पितळी गोळे मऊ मातीवर टाकले, तेव्हा खड्डे वेगाच्या वर्गाच्या हिशेबात पडले. एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या ग्रंथात लाइब्निट्सची बाजू मांडली, आणि 'प्रिन्सिपिया'चा फ्रेंच अनुवादही तिचाच. आज आपण म्हणू, दोघंही बरोबर होते, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. बल किती वेळ लावलं त्यावरून संवेग ठरतो, किती अंतरभर लावलं त्यावरून गतिज ऊर्जा. कॅरमचे आकडे पुन्हा घ्या: आधी ५ गुणिले ४, म्हणजे २०. नंतर ५ अधिक १५, तेही २०. वर्ग केल्यावर उणे चिन्ह नाहीसं झालं आणि बेरीज जुळली.

वर्गातल्या त्या नाण्याचंही आता संशोधन झालंय. अमेरिकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता, आणि बहुसंख्य मुलांनी वरचा बाण काढला होता. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या गॅलिलिओच्या जहाजाबद्दलच्या, म्हणजे संदर्भचौकटींबद्दलच्या कल्पना तपासून प्रसिद्ध केल्या. आणि १९९२ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या, नंतर जगभर वापरल्या गेलेल्या बलाच्या संकल्पनांच्या चाचणीत वर फेकलेल्या पोलादी गोळ्याचा प्रश्न आहे. त्यातला एक चुकीचा पर्याय असा: खाली गुरुत्वाचं बल, आणि सोबत वरच्या दिशेने हळूहळू कमी होत जाणारं बल. मुलांनी हा पर्याय निवडला की मी लगेच खोडत नाही. त्यांना भोवऱ्याची आणि नावाड्याची गोष्ट सांगते, मग कॅरम बोर्ड काढते, आणि सोंगटी सुटायच्या आधी प्रत्येकाकडून लिहून घेते, स्ट्रायकर हलेल की नाही.