देवमाशाच्या तोंडातले बलीन

बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा प्राणी पाहणारे बहुधा त्याच्या लांबीनेच थक्क होतात; जबडा मात्र त्याहून बोलका आहे, कारण त्यात एकही दात नसतो आणि दातांचे काम करणारा अवयव मुळात हाडाचा नसतोच.

तो अवयव म्हणजे बलीन. आपली नखे ज्या केराटिनची बनतात त्याच प्रथिनाचे हे पट्टे वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना शेकड्यांनी लोंबतात आणि आतल्या कडेला झिजून झालरीसारखे तंतुमय होतात. निळा देवमासा क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या सागरी जिवांच्या, थव्यावर तोंड वासतो तेव्हा हनुवटीपासून बेंबीपर्यंतच्या वळ्या उलगडून गळा फुगतो. खालच्या जबड्याची दोन हाडे पुढच्या टोकाशी सांधलेली नसून लवचीक ऊतीने बांधलेली असतात, म्हणून एवढा मोठा घास घेता येतो. मग पाणी झालरीतून बाहेर ढकलले जाते आणि क्रिल आत अडकते. इतके अवाढव्य आकारमान मात्र उत्क्रांतीत फार उशिरा, गेल्या काही दशलक्ष वर्षांतच आले.

वळ्यांचा गळा असलेल्या रॉर्क्वल कुलात फिन आणि हम्पबॅक देवमासेही मोडतात. बोहेड आणि राइट देवमाशांचे कुल निराळे. ते तोंड उघडे ठेवून संथ पोहतात आणि बोहेडचे बलीन चार मीटरपर्यंत वाढते. तळचा गाळ चाळणारा करडा देवमासा आणि छोटा पिग्मी राइट यांचे नेमके स्थान अजून वादाचे आहे.

बलीन देवमाशांच्या गर्भात दातांचे अंकुर येतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात, म्हणजे त्यांचे पूर्वज दातांचे होते. आपल्या शेजारच्या कच्छमध्येही चार कोटी वर्षांहून जुन्या, दात असलेल्या रेमिंग्टोनोसीटस या आद्य देवमाशाचे जीवाश्म मिळाले आहेत. ती शाखा मात्र पुढे खुंटली. पेरूमधला सुमारे ३.६ कोटी वर्षांपूर्वीचा मिस्टॅकोडॉन बलीन देवमाशांच्याच गटातला, पण तोही दातांचाच.

दातांकडून बलीनकडे वाटचाल कशी झाली, हा खरा कूटप्रश्न आहे, कारण बलीन क्वचितच जीवाश्मरूपात टिकते. एटिओसीटस या दात असलेल्या प्राचीन बलीन देवमाशाच्या टाळूवरील बारीक छिद्रांतून बलीनला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जात असाव्यात, असे मानून काही संशोधकांनी दात आणि बलीन एकाच वेळी नांदत होते असा निष्कर्ष काढला. तशी छिद्रे बलीन नसलेल्या प्राण्यांतही आढळत असल्याने केवळ त्यांच्यावर एवढा भार टाकणे मला धाडसाचे वाटते. उलट २०१८ साली वर्णन झालेल्या, ओरेगॉनमधील ३.३ कोटी वर्षांपूर्वीच्या मायाबालेना या देवमाशाला दात नव्हते आणि बहुधा बलीनही नव्हते; तो भक्ष्य शोषून घेत असावा, असे त्याच्या कवटीवरून दिसते.