किती क्युसेकची लाइन घ्यावी?

पावसाळ्यात नाशिककरांच्या बोलण्यात दोन आकडे हमखास येतात. गंगापूर धरणात किती दशलक्ष घनफूट साठा आहे हा एक, आणि गोदावरीत किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे हा दुसरा. पहिला आकडा साठ्याचा आणि दुसरा प्रवाहाचा असल्यामुळे, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचे पाणी कुठवर लागेल याचा अंदाज दुसऱ्यावरूनच बांधला जातो. एक टीएमसी, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, पाणी चोवीस तासांत सोडायचे असेल तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मोठ्या फाइली पाठवण्यासाठी किती बँडविड्थ, म्हणजे लाइनची वहनक्षमता, हवी, याचा पायाही हाच भागाकार आहे: साठा भागिले वेळ.

पहिली चूक मात्र एककातच होते. फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि लाइनचा वेग बिटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, त्यामुळे १०० मेगाबिटच्या लाइनवरून सेकंदाला १०० नव्हे, तर फार तर १२.५ मेगाबाइट जातात.

समजा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याला आपल्या सर्व्हरवरील ६०० गीगाबाइटचा बॅकअप रोज रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत मुंबईतील डेटा सेंटरला पाठवायचा आहे. ६०० गीगाबाइट म्हणजे ४,८०० गीगाबिट आणि आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. भागाकार सेकंदाला सुमारे १६७ मेगाबिट येतो. म्हणून २०० मेगाबिटची लाइन घेऊन मोकळे व्हावे असे वाटेल, पण एवढ्यावर थांबू नये.

नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी सोडलेले पाणी सगळेच्या सगळे तिथे पोहोचत नाही. वाटेत काही मुरते, काहीची वाफ होते, आणि त्यासाठी हिशेबात वहनव्यय धरावा लागतो. नेटवर्कमध्येही असा वहनव्यय आहे. फाइल छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते. नेहमीच्या इथरनेटवर, म्हणजे कार्यालयातल्या तारेच्या जोडणीवर, एका पॅकेटमागे तारेवर एकूण १,५३८ बाइटांची जागा खर्च होते आणि त्यात आपल्या फाइलचा मजकूर असतो १,४६० बाइटांच्या आसपास. उरलेली जागा पत्ते, क्रमांक आणि तपासणीचे आकडे यांची. म्हणजे पाच-सहा टक्के इथेच गेले. त्यातच रात्रपाळीचे लोक तीच लाइन वापरत असतात, आणि पहाटे तीनला काम अडखळले तर उरलेला भाग पुन्हा पाठवायलाही वाव हवा. लाइनचा सत्तर टक्केच भाग हाती येईल असे धरले, तर २३८ मेगाबिट लागतात. माझ्या मते ३०० च्या खाली जाऊ नये.

इथपर्यंत पाण्याची उपमा चालली; पुढे ती तुटते, आणि मोठ्या फाइलींच्या बाबतीत खरी गंमत तिथेच आहे. पाणी सोडणारा पोच मागत नाही. इंटरनेटवर माल नीट पोहोचल्याची खात्री करत पाठवणारी टीसीपी ही पद्धत मागते. पाठवणारा सर्व्हर ठरावीक माल रवाना करतो आणि पलीकडून पोच येईपर्यंत त्याहून अधिक पाठवत नाही. टीसीपीच्या मूळ रचनेत ही मर्यादा ६५,५३५ बाइटांची होती. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई साधारण १७० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन जेमतेम २ मिलिसेकंद होतात. प्रत्यक्षात ते काही पटींनी वाढतात, तरीही अडचण फारशी नाही. पण तोच बॅकअप युरोपातील सर्व्हरवर न्यायचा असेल आणि पोच यायला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला दहाच फेऱ्या होतात आणि वेग ५.२४ मेगाबिटवर अडकतो. लाइन ३०० मेगाबिटची असो की दहा हजारांची, ६०० गीगाबाइटला साडेदहा दिवस लागणार! १९९२ मध्ये ही मर्यादा वाढवण्याची सोय प्रमाणित झाली आणि आजच्या संगणकांत ती असतेच. तरीही जुनी उपकरणे किंवा चुकीच्या सेटिंगमुळे हा अडथळा अधूनमधून डोके वर काढतो, आणि मग लोक विनाकारण मोठी लाइन विकत घेतात. अशा वेळी दोन टोकांमध्ये आयपर्फसारखे वेग मोजणारे साधन चालवून आधी खरा वेग मोजावा, किंवा एकाच वेळी अनेक जोडण्यांवरून माल पाठवून पाहावे.

हरवलेल्या पॅकेटचेही तसेच. पॅकेट हरवले की पारंपरिक टीसीपी वाटेत गर्दी आहे असे समजून आपला वेग बराच खाली आणते आणि पोच येईल तसतसा हळूहळू वाढवते. साहजिकच अंतर जितके लांब, तितके सावरणे मंद. ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यातील जेमतेम ४०० यार्डांच्या जोडणीचा वेग ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये गर्दी ओळखून वेग आवरण्याची रीत मांडली.

लाइन घेण्यापूर्वी मालच कमी करता येतो का, हेही पाहावे. आरसिंक हे साधन फाइलचा बदललेला भागच पाठवते, त्यामुळे पहिल्या खेपेनंतर रोजचा भार पुष्कळदा मूळच्या छोट्या अंशावर येतो. प्रश्न उरतो तो पहिल्या खेपेचा. समजा ती २० टेराबाइटची आहे. डिस्क कूटबद्ध करून गाडीत टाकली, तर कसारा घाट उतरून चार तासांत ती मुंबईत पोहोचते, आणि गाडीचा वेग भरतो सेकंदाला सुमारे ११ गीगाबिट. परंतु सेकंदाला २०० मेगाबाइटने डिस्क भरायला २८ तास आणि पलीकडे उतरवायला आणखी २८. एकूण ६० तास. १ गीगाबिटची लाइन वहनव्यय धरूनही हे काम ४७ तासांत करते, तर ३०० मेगाबिटच्या लाइनला साडेसहा दिवस लागतात. तेव्हा आमच्या अंबडच्या कारखान्याने पहिली खेप गाडीने पाठवावी आणि रोजचा बॅकअप लाइनवरून.