पंधरा ब्लाइंडवाला आणि बाकीचे सगळे

जत्रेतल्या गडगड्याच्या जुगारात समोरच्याच्या खिशात किती पैसे आहेत, याने खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर जो टेक्सास होल्डेम पोकर चालतो, त्यात मात्र पहिली नजर तिकडेच जायला हवी. (1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोच्या खेळाच्या दालनात प्रवेशबंदी आहे. हे गणित चवथीला घरी चिंचोक्यांवरही तपासता येतं.)

समजा ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, 100-200 आहेत; मोठी ती बिग ब्लाइंड. सगळ्यांकडे 20,000 च्या चिप्स, एकाकडे फक्त 3,000, म्हणजे 15 बिग ब्लाइंड. त्याच्याशी भिडताना तुमच्या 20,000 पैकी 17,000 निरुपयोगी असतात. दोघांत ज्याच्याकडे कमी, तेवढीच रक्कम खरी पणाला लागते. तो गरीब आहे म्हणून तुम्हीही त्या हातापुरते गरीब होता.

याचा पहिला फटका लहान जोड्यांना बसतो. तुमच्या हातातले दोन पत्ते म्हणजे पंजांची जोडी, त्याने 600 लावले. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, तिसरा पंजा येण्याची शक्यता 11.8 टक्के, म्हणजे 17 वेळांत साधारण दोनदा. पंधरा वेळा 600 गेले की झाले 9,000. उरलेल्या दोन वेळा त्याचे सगळे 3,000 आणि ब्लाइंडचे 300 मिळाले, तरी जमा 6,600 च. फक्त तिसऱ्या पंजाच्या आशेवर हा कॉल, म्हणजे त्याच्याइतकेच पैसे घालणं, बसतच नाही. 20,000 वाल्यासमोर तोच कॉल चालून जातो. एकाच रंगाच्या सत्ती-छक्कीचंही तसंच. उलट एक्का-दश्शी, राजा-राणी अशा पत्त्यांचा भाव वाढतो, कारण फ्लॉपवर एक मोठी जोडी लागली की बहुतेक वेळा तेवढ्यावर सगळ्या चिप्स लावता येतात.

आता त्याच्या खुर्चीतून बघू. 10 ब्लाइंड, म्हणजे 2,000 उरले की थोडे लावून फ्लॉप बघण्यात अर्थ नाही. ऑल-इन (सगळं लावायचं) किंवा फोल्ड (पत्ते फेकायचे). बाकीच्यांनी पत्ते फेकल्यावर तो बटनवरून (ब्लाइंडवाल्यांच्या आधीच्या जागेवरून) ऑल-इन गेला, बिग ब्लाइंड भरणाऱ्याने कॉल केला आणि त्याची जिंकण्याची शक्यता 35 टक्केच असली, तर 4,100 च्या पॉटमधला (मध्ये जमलेल्या रकमेतला) त्याचा वाटा सरासरी 1,435, म्हणजे 565 चा तोटा. ब्लाइंडवाल्या दोघांनीही फोल्ड केलं तर 300 फायदा. तेव्हा 65 टक्के वेळा सगळे पळाले तरच हिशेब बरोबरीत येतो. कॉल करणाऱ्याला 44 टक्के शक्यता लागते, म्हणून लोक पळतातही.

पण 600 उरेपर्यंत वाट पाहिली तर? बिग ब्लाइंडला 900 च्या पॉटसाठी 400 घालायचे असतात, 31 टक्के पुरतात. सत्ती-दुरीसारखा भिकार हातही कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे 35 टक्के जिंकतो. मग घाबरणार कोण? चांगल्या पत्त्यांची वाट बघत ब्लाइंड भरत राहणं, ही शॉर्ट स्टॅकची, म्हणजे कमी चिप्सवाल्याची, सगळ्यात महागडी चूक.

स्पर्धेत प्रकरण आणखी वाकडं होतं. तिघे उरलेत, बक्षिसं 50, 30 आणि 20 हजार. चिप्सची वाटणी 45, 45 आणि 10 टक्के. चिप्सच्या प्रमाणात जिंकण्याची शक्यता धरणाऱ्या आयसीएम पद्धतीने मोठ्या दोघांची किंमत, म्हणजे बक्षिसांतला सरासरी वाटा, प्रत्येकी 37.7 हजार, छोट्याची 24.6 हजार. दोघे मोठे एकमेकांवर ऑल-इन गेले, तर जिंकणारा 48 हजारांवर जातो आणि हरणारा 20 वर घरी. मिळकत 10.3, नुकसान 17.7. म्हणजे कॉल करायला 63 टक्के शक्यता हवी. राण्यांच्या जोडीला एक्का-राजासमोर साधारण 55 टक्केच असते, आणि ती पत्ते उघडे असते तरी फेकावी लागली असती. चिप्स म्हणजेच पैसे असलेल्या कॅश टेबलवर हे कोणाला पटणार नाही.

आणि दोघे भिडलेच, तर छोट्याची किंमत पत्ता न उचलता 24.6 वरून 32 हजार होते.